बेटावरचे पाटील नागोयात

सासरच्या मंडळींना माझं काम समजावून सांगणं हा दर सुट्टीतला एक कार्यक्रम असतो. "जपानमध्ये राहतेस ना? मग जपानी लोकांचा अभ्यास करतेस का?" "नाही, पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरच्या लोकांचा." "मग त्या बेटावर का नाही राहत?" इथे मी गप्प बसते, कारण प्रश्न रास्त आहे. खरं उत्तर असं की नवऱ्याची बदली नागोयाला झाली, मोटारींचा इंजिनिअर आहे तो, आणि मी मुलीला घेऊन मागोमाग आले. इथल्या विद्यापीठात एक म्हातारे प्राध्यापक होते. त्यांनी उभं आयुष्य त्या एका बेटाच्या अभ्यासात घालवलं होतं आणि त्यांच्या विषयाला विद्यार्थी मिळत नव्हते. मला मार्गदर्शक मिळत नव्हता. जमलं आमचं.

त्यांना सगळे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणतात, मीही तेच म्हणते. तरुणपणी ते एक टेपरेकॉर्डर आणि बॅटऱ्यांची पिशवी घेऊन त्या बेटावर उतरले. हे लोक गाव चालवतात कसं, पुढारी कुणाला करतात, त्याचं ऐकतात का आणि ऐकत असतील तर का, हा त्यांचा विषय. गावाची सभा एका मोठ्या झावळ्यांच्या छपराखाली भरते. सेन्सेई तिथे कोपऱ्यात बसून सगळं टेप करत राहिले. परत आले ते पेटीभर कॅसेटी घेऊन, मग पुन्हा गेले, पुन्हा पेटी. त्या सगळ्या कॅसेटी शेवटी माझ्या वाट्याला आल्या. चार वर्षं मी कानाला हेडफोन लावून त्या ऐकल्या, बेटाची भाषा त्यांच्यावरूनच शिकले. बेटावर प्रत्यक्ष गेले ती एकदाच, अगदी सुरुवातीला, भाषेचा शब्दही येत नव्हता तेव्हा, तीन आठवडे, आणि त्यातले दहा दिवस पोटाने मला आडवं केलं होतं.

पुढाऱ्याला तिथल्या भाषेत जो शब्द आहे त्याचं इंग्रजी पुस्तकांत 'चीफ' होतं. आमच्या घरात नवऱ्याने त्याचं 'पाटील' करून टाकलं. मी कडाडले, "अरे, तिथे वतन नाही, वसुली नाही, काही नाही. उगाच कुठलाही शब्द कुठेही डकवू नकोस!" दोन दिवस त्याला व्याख्यान दिलं. तिसऱ्या दिवशी आईशी फोनवर बोलताना माझ्याच तोंडून निघालं, "आमचे पाटील येणारेत नागोयाला." नवरा बाजूला बसून इतका हसला की चहा सांडला.

हे पाटील का येणार होते ते सांगते, कारण माझं सगळं त्यावर अडलं होतं. त्या कॅसेटींत एक कॅसेट माझ्या प्रबंधाचा कणा होती. गावात मासेमारी बंद ठेवायचे दिवस होते आणि तेव्हाच्या पाटलांनी स्वतःच्या पाहुण्यांसाठी ती उघडली. त्यावरून गावाने त्यांना सभेत धारेवर धरलं. अख्खी दुपार. एकेक घर उठतंय आणि बोलतंय. सगळ्यांत चढा आवाज एका तरुण बाईचा, ती तर मध्ये श्वास घ्यायलाही थांबत नाही. आणि पाटील? एक अक्षर नाही. सगळे दमले तेव्हा ते फक्त म्हणतात, "ऐकलं मी." मग लोक उठल्याचा आवाज, कुणाचं तरी पोर रडतंय, कॅसेट संपते. माझं सगळं म्हणणं यावर उभं होतं की तिथे पुढारी म्हणजे बोलणारा माणूस नव्हे, बसून ऐकून घेणारा माणूस.

पण ते पाटील केव्हाच वारले होते. आता त्यांचा मुलगा पाटील होता, आणि विद्यापीठाचा नियम असा की कॅसेट वापरायची तर गावाच्या वतीने लेखी परवानगी हवी. परवानगी नाही तर ते प्रकरण नाही, आणि ते प्रकरण नाही तर माझ्या प्रबंधात उरतं काय? माझी शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपणार होती. सेन्सेईही त्याच मार्चमध्ये निवृत्त होणार होते, म्हणजे मुदतवाढ मागायला दारच नव्हतं. म्हणून सेन्सेईंनी नव्या पाटलांना दोन आठवड्यांसाठी बोलावून घेतलं, वडिलांचा आवाज ऐकायला. आणि माझ्या डोक्यात एकच: सही, सही, सही.

नोव्हेंबरात ते आले. मी बेटावर गेले तेव्हा ते बाहेरगावी होते, त्यामुळे ही आमची पहिलीच भेट. साठी ओलांडलेले, आडव्या बांध्याचे, मोज्यांवर सँडल घातलेले. मी नवऱ्याचा जाड कोट विमानतळावर घेऊन गेले होते. त्याच्या बाह्या त्यांच्या कोपरापाशीच अडकल्या. मग इथे असेपर्यंत तो कोट त्यांनी शालीसारखा खांद्यावर टाकून वापरला. मी तयारी करून पाठ केलेलं स्वागताचं वाक्य त्यांच्या भाषेत म्हटलं. ते जागच्या जागी थांबले, मग खदखदून हसले. म्हणाले, "तू माझ्या आजीसारखी बोलतेस!" जुन्या कॅसेटींवरून शिकल्याचा परिणाम. आता गावात तसं कुणीच बोलत नाही म्हणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बोल, बोल. थांबू नकोस." त्या क्षणी मला ते फार आवडून गेले.

आवडले म्हणून मी शहाणी थोडीच झाले? त्याच दिवशी सेन्सेईंच्या खोलीत, चहा कपात पडायच्या आधी, मी परवानगीचा कागद पुढे केला. खाली पेन्सिलीने फुलीसुद्धा करून ठेवली होती, सही कुठे करायची तिथे. त्यांनी तो दोनदा वाचला, "छान लिहिलंय," म्हणाले आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. घरी येऊन मी जाहीर केलं, "झालं काम!"

"सही केली?" नवरा.

"करतील रे. छान म्हणाले."

"अगं, मग छानचा अर्थ छान. सहीचा अर्थ सही."

दुसऱ्या दिवशी मी सेन्सेईंना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्यांनी दातांतून हवा आत ओढली, मान कलती केली आणि म्हणाले, "चोत्तो..." जपानमध्ये इतकी वर्षं राहून मला कळायला हवं होतं. चोत्तो म्हणजे 'जरा'. जपानी माणूस 'जरा' म्हणून पुढे थांबला की समजावं, काम होत नाही. पण मला ऐकायचंच नव्हतं.

पहिले तीन दिवस मजेत गेले. ध्वनिखोलीत मी कॅसेट लावायची, पाटील डोळे मिटून ऐकायचे. वडिलांचा आवाज आला की ओठ हलायचे त्यांचे. एका ठिकाणी मागे कुत्रं भुंकतं, तर त्यांनी कुत्र्याचंही नाव सांगितलं. नावेची गाणी, वंशावळी, एका लग्नातली भांडणं. मध्येच हसू लागले की सेन्सेईही हसायचे, आणि मग दोघं म्हातारे मला मध्ये न घेता भराभर काहीतरी बोलायचे. सेन्सेई ती भाषा बोलताना वेगळेच होतात. हात हलवतात, मांडीवर थापा मारतात. जपानीत बोलताना मी त्यांना कधी हात हलवताना पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी मी माझी कॅसेट लावली. मोठ्या तोऱ्यात लावली. लिखित प्रतही त्यांच्यासमोर ठेवली, पिवळ्या खुणा करून. पाटील ऐकू लागले. पहिलं घर बोललं, दुसरं बोललं. मग त्या तरुण बाईचा आवाज सुरू झाला. पाटलांनी डोळे उघडले आणि मांडीवरच्या हातांकडे बघत राहिले. जरा वेळाने म्हणाले, "खोलीत फार गरम होतंय," आणि कोट खांद्यावर टाकून बाहेर गेले. खोलीत गरम होतंय म्हणून कोट घेऊन कोण बाहेर जातं? मी खिडकीतून पाहिलं. खाली पेयांच्या यंत्रासमोर ते उभे होते, आतल्या डब्यांकडे बघत. तासभर तसेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर तो कागद होता. घड्या हाताने नीट सपाट केलेल्या. सहीच्या जागी माझी पेन्सिलीची फुली, बाकी कोरा.

माझं डोकंच फिरलं. माझा स्वभाव तापट आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, त्या दिवशी विद्यापीठालाही कळलं. मी तडक सेन्सेईंच्या खोलीत गेले आणि सुटले. इतकी वर्षं तुम्ही काय करत होतात? एवढ्या कॅसेटी केल्यात, एकदा कागदावर लिहून घ्यावं असं नाही वाटलं? माझी चार वर्षं पाण्यात गेली, त्याचं काय? जपानमध्ये सेन्सेईंशी असं कुणी बोलत नाही. शेजारच्या टेबलावरची सेक्रेटरीबाई उठून निघूनच गेली. सेन्सेईंनी मान खाली घालून सगळं ऐकलं, मग माझ्यापुढे चहा सरकवला.

"मी त्याच्या वडिलांना विचारलं होतं," ते म्हणाले. "ते हो म्हणाले. तेव्हा मला तेवढं पुरेसं वाटलं. माझी चूक झाली."

एवढा मोठा माणूस माझ्यासमोर मान खाली घालून बसलाय, हे बघून माझा राग कुठच्या कुठे गेला आणि रडू यायला लागलं. मी किती वेळा माफी मागितली देव जाणे. ते म्हणाले, "चहा घ्या, निवतोय."

मग मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. रविवारी दोघांनाही दुपारी जेवायला बोलावलं, पुरणपोळीचं. लाच म्हणा हवं तर, मी नाही म्हणणार नाही. आमच्याकडे माणूस रुसला की त्याला जेवायला बसवतात, दुसरा उपाय मला ठाऊक नाही. हरभऱ्याची डाळ आणि गूळ स्टेशनजवळच्या भारतीय दुकानातून आणला, पुरणयंत्र पुण्याहून आणलेलं होतंच. सकाळी सहापासून उभी होते. पोळ्या, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, वरणभात, भजी. आमच्या दोन खोल्यांच्या घरात तळणाचा वास कोंडून धूर ओळखणारं यंत्रसुद्धा एकदा कोकललं.

मंडळी बसली. पाटलांना मी खिडकीपाशी मानाच्या जागी बसवलं, त्यांचं ताट सगळ्यांत आधी वाढलं, पोळीवर तूप सोडलं आणि म्हटलं, "बसा, सुरू करा." ते हसले. ताटाकडे पाहून खूप सुंदर म्हणाले. जेवले नाहीत.

सेन्सेई पाहुण्यांच्या आधी घास घेणार नाहीत, ते जपानी. नवरा पाहुणे खाईपर्यंत हात लावणार नाही, तो माझ्या धाकातला. मला वाटलं, पाटील लाजतायत. मी दुसरी पोळी वाढली. "घ्या ना, गरम आहे." ते पुन्हा हसले, मान झुकवली आणि एकदा दाराकडे पाहिलं. मी तिसरी वाढली. आग्रहाशिवाय कुणी जेवतं का? "एवढी एक माझ्यासाठी," म्हणत चौथी वाढली. त्यांनी दाराकडे पाहिलं. म्हटलं, अजून राग गेला नाही यांचा, उठून जायच्या विचारात आहेत. मग मी काय करावं? पाचवी वाढली. त्यावर तूप.

आमची कन्या नऊ वर्षांची आहे. जपानी शाळेत जाते आणि मराठीत विचारलं तरी उत्तर जपानीत देते. ती बराच वेळ भज्यांकडे बघत बसली होती. शेवटी तिचा धीर सुटला आणि तिने पाटलांना इंग्रजीत सरळ विचारलं, "तुम्ही खात का नाही?"

पाटील म्हणाले, "अजून किती माणसं यायची आहेत? तुझी आई सारखी वाढतेच आहे. मी त्यांची वाट बघतोय."

मग सेन्सेईंच्या घशातून कसलातरी आवाज आला, ते तोंडावर हात धरून हसू दाबत होते. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. कारण हे मी स्वतः लिहिलेलं होतं. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण, चांगली चाळीस पानं. त्या बेटावर पाटलासमोर जे अन्न येतं ते त्याचं नसतं, वाटण्यासाठी असतं. तो सगळ्यांना वाटतो, सगळे खाऊ लागले की उरलंसुरलं स्वतः घेतो. त्याच्यासमोर जेवढं जास्त, तेवढी खाणारी तोंडं जास्त. मी पोळीवर पोळी चढवत होते आणि तो बिचारा माणूस प्रत्येक पोळीला एकेक पाहुणा मोजत होता. आणि मी पदर खोचून उभी, म्हणजे यजमानीणच जेवत नाहीये, मग तो जेवणार कसा?

मी कपाळावर हात मारला आणि मटकन खाली बसले. "मला माहीत होतं हो," मी म्हटलं. "मी लिहिलंय हे."

"वाचलंय मी," पाटील म्हणाले. "चांगलं लिहिलंयस. बरोबर आहे."

त्यावर सेन्सेईंचं हसू फुटलं ते थांबेचना. डोळे पुसायला रुमाल काढावा लागला त्यांना. पाटलांनी ताट उचललं, मांडीवर घेतलं आणि वाटायला सुरुवात केली. पहिली पोळी पोरीला. मग सेन्सेईंना, मग नवऱ्याला. चौथी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "आता तू खा." मी खायला लागले तेव्हा त्यांनी पाचवीचा घास तोडला. मग मात्र काय जेवले! कटाची आमटी वाटीने प्यायले, तीनदा. आमच्याकडे इतकं निवांत जेवण त्याआधी कधी झालं नव्हतं, कारण उठून वाढायला मला कुणी परवानगीच देत नव्हतं.

हात धुऊन झाल्यावर मी त्यांची माफी मागितली. जेवणाची नव्हे, कागदाची. त्या दिवशी फुली करून पुढे केला त्याची.

त्यांनी हात नीट कोरडे केले. मग त्यांच्या भाषेत, मला समजेल अशा सावकाश गतीने म्हणाले, "वडिलांचा आवाज माझा आहे. तो मी तुला देईन. पण त्या कॅसेटमध्ये सात घरं बोलतायत. त्यांच्या बोलण्यावर मी सही कशी करू? ते माझ्यासमोर ठेवलेलं अन्न आहे." मग म्हणाले, "आणि खरं सांगू? मला लाज वाटली. तेव्हा मी दुसऱ्या बेटावर शाळेत होतो. वडिलांना गाव असं बोललं, हे मला कुणी कधी सांगितलं नाही. मी पाटील झाल्यापासून मला एकदाही कुणी बोललं नाही. मला वाटायचं, मी चांगलं चालवतोय म्हणून."

सेन्सेईंनी मान खाली घातली. नवऱ्याला भाषा कळत नव्हती, तरी तो चुळबूळ करायचा थांबला. मला तर रडूच आलं, मी काही लपवलं नाही. एवढा वेळ मला वाटत होतं की अडकलंय ते माझं. त्यांचं काय अडकलंय हे विचारायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

ठरलं ते असं: गावालाच विचारायचं. आणि पाटील म्हणाले, "विचारायचं तू. मी नाही. गाव नाही म्हणालं तर नाही." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? एका घराने जरी नकार दिला तरी माझं प्रकरण गेलं, हे मला त्याच मिनिटाला कळलं होतं.

पुढच्या बुधवारी सकाळी सेन्सेईंच्या खोलीत आम्ही तिघं संगणकासमोर बसलो. तिकडे गावच्या शाळेत इंटरनेट आहे. पडद्यावर आधी एक मोठं नाक दिसलं, मग मास्तर मागे सरकले आणि अख्खा वर्ग दिसला. बाकांवर, जमिनीवर, खिडक्यांत माणसं. घराघराने मिळून बसलेली. मी उभी राहिले आणि त्यांच्या भाषेत बोलायला लागले. पहिल्याच वाक्याला वर्ग हसला. कुणीतरी ओरडलं, "ही तर मेलेल्या बायकांसारखी बोलते!" मी घामाघूम. पण बोलले. मी कोण, मला काय हवंय, कशासाठी हवंय, आणि तुम्ही नाही म्हणालात तर मी ते वापरणार नाही. मग कॅसेट लावली.

त्यानंतर कुणी हसलं नाही. एकेक आवाज आला की तिकडे एकेका घरात हालचाल व्हायची. "हा माझा बाप." "ही आमची थोरली." एक माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मध्येच इंटरनेट अडकायचं, तर सगळे ओरडायचे, मागे घ्या, मागे घ्या, आणि मी पुन्हा लावायची. पाटील माझ्या शेजारी बसून हे सगळं शेवटपर्यंत ऐकत होते. या वेळी त्यांना गरम झालं नाही.

कॅसेट संपली. एक घर म्हणालं, लिही. दुसरं म्हणालं, लिही. तिसऱ्या घराने आपसात बराच वाद घातला आणि सांगितलं, आमच्या आजोबांनी शेवटी शिवी दिलीय ती काढ, बाकी लिही. मी म्हटलं, काढते. सहा घरं झाली. सातवं घर म्हणजे एकच म्हातारी होती, पुढे खुर्चीवर बसवलेली, अंगाने वाळलेली, मांडीवर पंखा. ती काही बोलेना. मास्तरांनी वाकून तिच्या कानात काहीतरी सांगितलं, तिने त्यांना पंख्याने बाजूला सारलं.

"तो चढा आवाज माझा आहे," ती म्हणाली. "एवढी बोलले का मी? बोलले असेन. ते तुमच्या यंत्रात आहे. पण पुढचं तुमच्या यंत्रात नाही. सभा उठली, मी घरी गेले, तर पाटील माझ्या मागोमाग दारात. मला वाटलं, आता भांडणार. तो उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, अजून काही बोलायचं राहिलंय का? राहिलं होतंच. मी चुलीवरचं भांडं उतरवून ठेवलं आणि तेही बोलले."

मागून कुणीतरी हसलं. तिला हसू आलं नव्हतं. ती पडद्याच्या जवळ आली, इतकी की फक्त तिचा एक डोळा आणि कपाळ दिसत होतं.

"तुझं काय?" तिने माझ्या शेजारी बसलेल्या पाटलांना विचारलं. "इतकी वर्षं झाली तुला पाटील होऊन. माझ्या दारात आलास कधी?"

पाटलांचा आवाज मला शेजारी बसूनही जेमतेम ऐकू आला. "नाही, मावशी. आलो नाही."

"बोलायचं खूप साठलंय," ती म्हणाली. "सगळ्यांचंच साठलंय. तू येत नाहीस, म्हणून आम्ही आपापसात बोलतो." मागे खिडकीतल्या माणसांनी माना डोलावल्या, एकाने दोन्ही हात वर केले. मग तिने मला शोधलं. "ती पोरगी कुठे आहे? लिही म्हणावं. पण माझं बरोबर होतं, तेही लिही."

मी हो म्हटलं, हो, हो, लिहिते. माझा आवाज फाटला होता. सेन्सेईंनी न बोलता रुमाल माझ्याकडे सरकवला. तिकडे मुलं धावत पुढे आली, पडद्याला हात लावून ओरडायला लागली आणि चित्र गोठलं.

पाटील गोठलेल्या चित्राकडे बघत बसले. त्यांच्या परतीला अजून चार दिवस होते. सेन्सेईंनी त्यांना किल्ला आणि गरम पाण्याचा झरा दाखवायचं ठरवून ठेवलं होतं, खोलीसुद्धा राखून ठेवली होती. खांद्यावरचा कोट सारखा करत ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मुली, माझं तिकीट उद्याचं करून मिळेल का?"